जुनी मर्सिडीज गॅरेजमध्ये घ्यायची का? डब्ल्यू २११ चे नेहमीचे फॉल्ट आणि त्यातला आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत लिफ्टवर जी काळी गाडी दिसली, तिच्याबद्दल आज सविस्तर. बारा मिनिटांत सगळं बसत नाही. ज्यांना गॅरेज टाकायचंय, किंवा छोटं गॅरेज चालू आहे आणि "आता जरा मोठ्या गाड्या घ्याव्यात" असं डोक्यात घोळतंय, त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

गाडी म्हणजे मर्सिडीजची ई-क्लास, डब्ल्यू २११ मॉडेल. २००२ ला आली, २००६ ला फेसलिफ्ट झालं, २००९ ला नवीन मॉडेलने तिची जागा घेतली. आपल्याकडे ई २०० कॉम्प्रेसर, ई २२० सीडीआय, ई २८० सीडीआय हे प्रकार जास्त दिसतात. आता हीच गाडी का? कारण आज ती एखाद्या चांगल्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, आणि तिकडच्या बऱ्याच गाड्या बाकी राज्यांत विकल्या गेल्या. आपल्या भागातल्या बिल्डरने, डॉक्टरने, हौशी पोराने ती घेतली. पण एक गोष्ट घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. गाडीची किंमत उतरली तरी पार्टची किंमत उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा पार्ट पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. मालक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकदा एस्टिमेट घेतो, घाम पुसतो आणि मग आपल्यासारख्याकडे येतो. इथे आपला धंदा आहे, आणि आपण बुडायचा रस्ताही इथेच आहे.

मी कसा बुडालो ते आधी सांगतो.

गॅरेज टाकून आठ-नऊ महिने झाले होते. बीबीए केलेलं, त्यामुळे हिशेबाची वही एकदम टापटीप, पण या गाड्यांचा अनुभव शून्य. एक रिटायर्ड डॉक्टर काका ई २२० सीडीआय घेऊन आले. तक्रार अशी की चालता चालता गाडी एका गिअरमध्ये अडकते, पिकअप जातो, वर जातच नाही. बंद करून पुन्हा चालू केली की दहा-पंधरा किलोमीटर बरी. माझ्याकडे साधा स्कॅनर होता, त्याने गिअरबॉक्सकडे बोट दाखवलं. माझ्या मिस्त्रीने ऐकलं आणि म्हणाला, "शेठ, गिअरबॉक्स गेला." मी कुर्ल्याच्या स्क्रॅप मार्केटमधून पंचावन्न हजाराला जुना गिअरबॉक्स आणला. चार दिवस काम केलं. डॉक्टर काकांना गाडी दिली. तिसऱ्या दिवशी फोन, "अरे बाळा, परत तेच होतंय."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांचे सगळे पैसे परत केले, जुना गिअरबॉक्स पुन्हा बसवून दिला, आणि त्या महिन्यात हेल्परचा पगार उशिरा झाला. पोरगा महिनाभराने सोडून गेला. पगार वेळेवर झाला असता तर थांबला असता, असं मला आजही वाटतं.

फॉल्ट काय होता? काही शे रुपयांचा एक प्लास्टिकचा प्लग. तो पुढे सांगतो. आधी क्रम लावून घेऊ.

मल्टिमीटर आधी, स्कॅनर नंतर

या गाडीत डझनभर कंट्रोल युनिट आहेत आणि ती सगळी व्होल्टेजवर जगतात. बॅटरी कमजोर असली की प्रत्येक युनिट वेगळीच तक्रार करतं. एअरबॅगचा लाईट, एबीएसचा लाईट, गिअर झटका, रेडिओ बंद. नवशिका मेकॅनिक वीस कोड बघून घाबरतो, कस्टमरला वीस आजार सांगतो. मुळात आजार एकच असतो.

म्हणून गाडी आली की पहिलं काम मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ ते १२.७ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीत तेरालाही पोचत नसेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा. त्याचे ब्रश झिजतात, आणि बऱ्याचदा पूर्ण अल्टरनेटर बदलायची गरजच नसते. लक्षात ठेवा, मोठी बॅटरी डिकीत आहे. फेसलिफ्टच्या आधीच्या गाड्यांत बॉनेटखाली आणखी एक छोटी बॅटरी असते. ती बघायची राहून जाते आणि लोक मोठी बॅटरी दोनदा बदलतात.

बॅटरी नवीन आहे तरी दोन दिवसांत उतरते, अशी तक्रार असेल तर करंट मोजा. पण लॉक केल्या केल्या मोजू नका. सगळी युनिट झोपायला अर्धा तास द्या. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या खाली आलं पाहिजे. नाही आलं तर एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर आकडा खाली पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. कंटाळवाणं काम आहे, पण याचे पैसे मिळतात.

आपल्याकडचा पावसाळा वेगळाच विषय. वायपरखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी जायची वाट बंद होते आणि पाणी बॉनेटखालच्या फ्यूज आणि कंट्रोलच्या बॉक्सकडे जातं. मग इंडिकेटर आपोआप चालू, वायपर आपोआप चालू. गुलमोहराखाली उभी राहणारी गाडी असेल तर मी जूनच्या आधी ती जाळी साफ करून देतो, पैसे घेत नाही. पंधरा मिनिटांचं काम, आणि तो कस्टमर दुसरीकडे जात नाही.

डॉक्टर काकांचा गिअरबॉक्स

या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पाच स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, ७२२.६ म्हणतात त्याला. दणकट माल आहे. तो गेला असं कोणी म्हटलं की मी आधी विश्वास ठेवत नाही.

गिअरबॉक्सच्या बाजूला तेरा पिनांचा एक गोल कनेक्टर बसतो. तो ज्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये बसतो त्याला दोन रबरी ओ-रिंग असतात. वय झालं की रबर कडक होतं, तेल झिरपायला लागतं. खाली थेंब पडला तर दिसतो तरी. पण हे तेल वायरच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, वर चढतं आणि थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटच्या प्लगपर्यंत जातं. तिथे पिना तेलात बुडाल्या की सिग्नल गडबडतो, कंट्रोल युनिट घाबरून सेफ मोडमध्ये जातं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. बंद करून चालू केलं की पुन्हा काही वेळ बरी.

तपासायला किती वेळ लागतो? अर्धा तास. खालचा कनेक्टर काढा, आत तेल आहे का बघा. मग कंट्रोल युनिटचा प्लग काढा, तिथे बोट लावा. दोन्हीकडे तेल असेल तर उत्तर मिळालं. नवीन प्लग, दोन्ही बाजू कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायच्या, सोबत तेल आणि फिल्टर. हे करूनही कोड स्पीड सेन्सरचाच येत असेल तर आतल्या कंडक्टर प्लेटकडे जायचं. तीही पॅन उघडून, व्हॉल्व्ह बॉडी उतरवून बदलता येते. गिअरबॉक्स उतरवायची वेळ त्यानंतरही सहसा येत नाही.

डॉक्टर काकांच्या गाडीत नेमकं हेच होतं. गिअरबॉक्स बदलला, पण तेलात भिजलेली वायरिंग आणि प्लग तसाच राहिला. मला ते चार महिन्यांनी कळलं, दुसऱ्याच एका गाडीवर. त्याच दिवशी काकांना फोन केला आणि त्यांची गाडी बोलावून फुकट करून दिली.

तेल भरताना एक चूक सगळे करतात. यात मालकाने बघायची डिपस्टिक नाही, नुसती नळी आणि झाकण आहे. लेव्हल बघायला वेगळी डिपस्टिक विकत घ्यावी लागते, आणि लेव्हल तेल ८० अंशाला गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून बघायची असते. थंड गाडीत अंदाजाने भरलं की जास्त होतं, फेस येतो आणि तुम्ही केलेल्या चांगल्या कामाला नावं पडतात. तेलाच्या डब्यावर मर्सिडीजचं अप्रूव्हल आहे का ते वाचा. "ऑटोमॅटिकला चालतं" असं नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, एवढं पुरेसं नाही.

एअर सस्पेन्शन: कॉम्प्रेसर बदलायच्या आधी थांबा

काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे स्ट्रट असतात, एअरमॅटिक. तक्रार ठरलेली: "सकाळी गाडी एका बाजूला बसलेली असते." पुढे कॉम्प्रेसर जळतो, आणि गॅरेजवाला काय करतो? कॉम्प्रेसर बदलतो. चार महिन्यांत तोही जळतो.

कॉम्प्रेसर का जळला? कारण स्ट्रट लीक होता आणि तो बिचारा दिवसभर हवा भरत बसला. कधी त्याचा रिले चिकटतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. म्हणजे जळलेला कॉम्प्रेसर हा परिणाम आहे, कारण दुसरीकडे आहे. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा, चारही चाकांची कमानीपर्यंतची उंची टेपने मोजून लिहा, सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा खाली गेला तिथे साबणाचं पाणी मारा, स्ट्रटच्या वरच्या तोंडाशी पाईप येतो तिथेही. बुडबुडा आला की सापडला. टेप आणि साबण, एवढीच अवजारं.

आणि पोरांनो, हवेच्या सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. हवा सुटली तर गाडी खाली येते. स्टँड लावायचे म्हणजे लावायचे.

कस्टमरला मी नेहमी सांगतो: स्ट्रट लीक असेल तर फक्त कॉम्प्रेसर मी बदलून देणार नाही. दोन्हीचं बजेट नसेल तर काम नको. सुरुवातीला असं बोलायला जीभ रेटत नव्हती, कारण आलेलं काम सोडायला भीती वाटते. पण अर्धवट केलेलं काम परत येतं, आणि परत आलेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही.

सहा सिलिंडर डिझेलचं तेल

ई २८० सीडीआयमध्ये ओएम ६४२ इंजिन येतं, व्ही आकाराचं. गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचे थेंब दिसतात. बघणारा म्हणतो, मागचा ऑइल सील गेला, गिअरबॉक्स उतरवा. थांबा. या इंजिनचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या मधल्या खोबणीत बसलेला असतो, आणि त्याचे सील वयाने कडक होऊन लीक होतात. तेल खोबणीत साचतं, मागे वाहतं आणि बेल हाउसिंगवरून खाली टपकतं. वरून टॉर्च मारा किंवा छोटा कॅमेरा घाला. खोबणी कोरडी असेल तरच खालचा संशय घ्या.

सील स्वस्त आहेत, पण तिथे पोचायला टर्बो, मॅनिफोल्ड, पाईप, सगळं काढावं लागतं. दोन दिवस जातात. आता इथे धंद्याचा धडा आहे. कस्टमर नेटवर सीलची किंमत बघून येतो आणि म्हणतो, "एवढ्याशा रबराचे एवढे?" त्याला रागवू नका. काम सुरू करायच्या आधी उघड्या इंजिनचा जुना फोटो दाखवा आणि सांगा, रबराचे पैसे कमी आहेत साहेब, हे सगळं काढून पुन्हा लावायचे आहेत. आणि तेवढं उघडलंच आहे तर इनटेकखालची स्वर्ल मोटर बघून घ्या. वरून तेल गळून ती खराब होते, गाडी पॉवर सोडते. त्याच उघडण्यात झाली तर कस्टमरची दुसरी मजुरी वाचते.

हे काम पहिल्या वर्षी घेऊ नका

दोन कामं आहेत.

पहिलं ब्रेक. फेसलिफ्टच्या आधीच्या गाड्यांत एसबीसी नावाचे इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक आहेत. कंपनीने यासाठी २००४ आणि २००५ मध्ये जगभरातून गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि २००६ च्या फेसलिफ्टला ई-क्लासमधून ही सिस्टीमच काढून टाकली. यातला पंप आणि युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं, आकडा पूर्ण झाला की डॅशबोर्डवर वॉर्निंग देतं. बाजारात हा काउंटर शून्य करून देणारे बसलेत. मी करत नाही. आयुष्य संपलेल्या पंपाला कागदावर तरुण करून माणसाला घाटात पाठवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

आणि साधे ब्रेक पॅड बदलायचे असले तरी आधी योग्य स्कॅनरने सिस्टीम बंद करावी लागते. ही सिस्टीम दार उघडलं तरी जागी होऊन प्रेशर तयार करते. पॅड काढलेले, तुमची बोटं कॅलिपरमध्ये, आणि हेल्परने रेडिओ लावायला दार उघडलं, तर काय होईल विचार करा. ज्याच्याकडे ती सिस्टीम बंद करायचं अवजार नाही, त्याने या गाडीचे पॅडही बदलू नयेत.

दुसरं काम, पेट्रोल व्ही-६, एम २७२ इंजिन. सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या गिअरचे दात लवकर झिजायचे. इंजिनचा लाईट लागतो, कॅमशाफ्टच्या टायमिंगचे कोड येतात, पी ००१६, पी ००१७ असे. इलाज म्हणजे इंजिन उतरवणं. इंजिन नंबरचे शेवटचे सहा आकडे ४६८९९३ पर्यंतचे असतील तर ती संशयित गाडी. याचा उपयोग रिपेअरपेक्षा सल्ल्यात जास्त आहे. जुनी गाडी घ्यायच्या आधी तपासून देणे, ही सर्व्हिस विका. गेल्या दिवाळीत एक पोरगा टोकन द्यायला निघाला होता, मी नंबर बघून थांबवला. तपासणीचे दीड हजार घेतले. त्याचे वडील नंतर स्वतःच्या दोन गाड्या सर्व्हिसिंगला घेऊन आले.

पैसे कशाचे घ्यायचे

बहुतेक गॅरेजवाले तपासणी फुकट करतात आणि मग ते पैसे पार्टमध्ये लावतात. त्यामुळे होतं काय, पार्ट बदलल्याशिवाय आपलं पोट भरत नाही, आणि आपला हात आपोआप पार्टकडे जातो. माझा गिअरबॉक्स असाच बदलला गेला. नुसता मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही, माझा रेटच चुकीचा लावलेला होता.

आता माझ्या गॅरेजमध्ये तपासणीचे पैसे वेगळे. भिंतीवर बोर्ड आहे, आणि जॉब कार्डवर हे छापलेलं आहे, तुम्हीही वापरा:

"तपासणी शुल्क गाडी घेताना भरावे. तपासणीत सापडलेला दोष फोटोसह लेखी दिला जाईल. काम आमच्याकडे करणे बंधनकारक नाही. काम आमच्याकडे केल्यास शुल्काची निम्मी रक्कम मजुरीतून वजा होईल. लेखी मंजुरीशिवाय कोणताही पार्ट बदलला जाणार नाही. जुना पार्ट ग्राहकाला परत दिला जाईल."

हे लावल्यावर पहिल्या दोन महिन्यांत निम्मे लोक "बघून सांगायचे पण पैसे?" म्हणून निघून गेले. खोटं कशाला बोलू, झोप लागत नव्हती. बायको म्हणाली, "बोर्ड काढायचा असेल तर काढ, पण मग परत गिअरबॉक्स घेऊन येऊ नकोस." बोर्ड राहिला. जे थांबले ते या गाड्यांचे खरे मालक होते, जे आधी तीन ठिकाणी फसून आले होते.

सुरुवातीला काय घ्यायचं ते विचारणाऱ्यांसाठी: चांगला मल्टिमीटर, मर्सिडीजची सगळी युनिट वाचणारा स्कॅनर (साधा ओबीडी रीडर मुख्यतः इंजिनच वाचतो, त्यावर पैसे घालवू नका), गिअर ऑइलची डिपस्टिक, चार पक्के स्टँड. पार्ट मागवताना चॅसिस नंबर द्या, नुसतं "ई-क्लासचा द्या" म्हणू नका. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगळा पार्ट निघतो. इलेक्ट्रिकचा पार्ट जुना घेऊ नका. मेकॅनिकल पार्ट जुना घेतलात तर बिलावर "जुना" असं लिहा, कस्टमरची सही घ्या.

पहिल्या वर्षी महिन्याला अशा दोनच गाड्या घ्या. बाकी लिफ्टवर आपल्या रोजच्या स्विफ्ट आणि आय-टेन चालू ठेवा, भाडं त्यातून निघतं. मोठी गाडी पार्टची वाट बघत पंधरा दिवस लिफ्ट अडवून बसली की रोजचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं. म्हणून पार्ट हातात येईपर्यंत मी गाडी उघडत नाही, चालती असेल तर मालकाला घरी न्यायला सांगतो.

व्हिडिओतली काळी गाडी डॉक्टर काकांचीच आहे. आता त्यांचा मुलगा चालवतो. या वेळी फक्त बॅटरी आणि वायपरखालची पानं होती.